दादा, हे काढू का?

मी तीन लिनक्स मशीन्स सांभाळतो. एक माझं स्वतःचं, पुण्यात. त्याचं फार काही नाही, बिघडलं तर बिघडलं. दुसरं शिरूरला वकीलकाकांच्या ऑफिसात आणि तिसरं दौंडला मावशीच्या घरी. कंपनीत आमच्या टीमकडे शेकड्यांनी सर्व्हर आहेत, पण रात्री साडेदहाला फोन वाजतो तो या दोन मशीन्ससाठी. आणि फोनवरचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "दादा, इथे लिहिलंय की ही पॅकेजेस आता लागत नाहीत. काढू का?"

हो किंवा नाही, दोन अक्षरी उत्तराचा प्रश्न. पण याचं उत्तर सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने दुसऱ्याचं मशीन कधी सांभाळलेलं नाही असं खुशाल समजावं. म्हणून आजचा शनिवार या प्रश्नाला. ज्यांच्याकडे लिनक्स नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. मावशी सगळ्यांनाच असते.

आधी हे सांगतो की शिरूरच्या वकिलाच्या ऑफिसात लिनक्स आलं कसं. त्याचं श्रेय माझं नाही, कोर्टाचं आहे. तालुक्यातालुक्याच्या कोर्टांत कॉम्प्युटर नेणारा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ साली सुरू झाला. खटल्यांची नोंद ठेवणारी त्यातली केस इन्फर्मेशन सिस्टीम, जिला वकील मंडळी नुसतं सीआयएस म्हणतात, ती आपल्या पुण्याच्या एनआयसीने मुक्त सॉफ्टवेअर वापरून बनवली. न्यायाधीशांना दिलेल्या लॅपटॉपवर उबुंटू आलं, ते शिकवायला प्रशिक्षणवर्ग झाले. त्याआधी मी काकांच्या कानीकपाळी ओरडत होतो तेव्हा त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. एक दिवस स्वतःच म्हणाले, "जज्जसाहेबांना जे चालतं ते वकिलाला का चालू नये? येऊन टाकून जा."

खरं तर शिरूरमध्ये (आम्ही घरी अजून घोडनदीच म्हणतो) उबुंटू त्याआधीच येऊन गेलं होतं, पोस्टाने. २००६ साली कॅनॉनिकल कंपनी उबुंटूच्या सीड्या मागेल त्याला फुकट पाठवायची. पुढे २०११ मध्ये ती योजना बंद झाली. परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा आईने त्याला चहा पाजला आणि मला विचारलं, "नोकरीचं आहे का रे?" असो.

काकांच्या मशीनवर उबुंटू टाकताना मी डिस्क एन्क्रिप्ट केली होती. तिथे अशिलांची कागदपत्रं असतात, खरेदीखतं, घटस्फोटाचे अर्ज, वाटपाचे दावे. मशीन चोरीला गेलं तर निदान तेवढं तरी कुणाच्या हाती लागू नये. या निर्णयावर मी आजही ठाम आहे. पण त्याचा एक परिणाम असतो. डिस्क एन्क्रिप्ट केली की मशीन सुरू होण्यापुरतं जे लागतं ते बाहेर, एका वेगळ्या छोट्या कप्प्यात ठेवावं लागतं. त्याचं नाव बूट. बाकी डिस्क ५०० जीबीची असली तरी हा कप्पा काकांकडे जेमतेम ७०० एमबीचा.

आणि एके शुक्रवारी रात्री तो भरला.

काकांकडे टायपिंग करणाऱ्या ताईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला. लाल अक्षरं, मध्ये 'जागा शिल्लक नाही', खाली डीपीकेजीची नेहमीची कुरकुर. सोमवारी एका दाव्यात कैफियत दाखल करायची होती. कायद्याने तीस दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर नव्वद, आणि काकांचा हिशेब नव्वदाव्या दिवसाशी येऊन पोचला होता. (वकिलांची सगळी कामं शेवटच्या दिवशीच का होतात हा वेगळ्या शनिवारचा विषय आहे.) मसुदा मशीनमध्ये, मशीन चालू, पण नवीन काही घेईना, आणि बाहेर पावसाने लाईट ये-जा करत होती. मी एकच सांगितलं, "ताई, काहीही करा, पण मशीन बंद करू नका. इन्व्हर्टरवर राहू द्या. मी सकाळी येतो."

तुम्ही म्हणाल, जायचं कशाला? रिमोटने करता आलं असतं. साफसफाई आली असती, पण नंतर रीस्टार्ट करावंच लागतं, आणि एन्क्रिप्टेड मशीन सुरू होताना पासवर्ड मागतं. तो देणारा माणूस कीबोर्डसमोर लागतो. शिवाय अर्धवट बसलेल्या कर्नलच्या अवस्थेत मशीन रीस्टार्ट झालं तर ते कोणत्या कर्नलवर उठेल आणि उठेल का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ते मला पुण्यात बसून बघायचं नव्हतं.

आता हा कप्पा भरतो कसा, ते सांगतो. उबुंटू किंवा डेबियनवर नवा कर्नल येतो तो जुन्यावर लिहिला जात नाही. तो शेजारी वेगळं पॅकेज म्हणून बसतो, स्वतःचं नाव आणि आकडा घेऊन. त्याच्याबरोबर त्याची मॉड्यूल्स, हेडर्स, आणि सुरू होताना लागणारी इनिटआरडी नावाची एक जाडजूड फाइल. कर्नल स्वतः १०-१५ एमबीचा असतो, जागा खाते ती इनिटआरडी. काकांच्या मशीनवर एका कर्नलमागे सगळं मिळून दीडशे एमबीच्या आसपास जात होते. चार कर्नल म्हणजे ६००. पाचवा आला की संपलं.

पण जुने आपोआप निघून जायला हवेत ना? जातात. ॲप्ट त्यासाठी एक नियम पाळतं. आत्ता ज्या कर्नलवर मशीन चालू आहे तो आणि सगळ्यात नवे एक-दोन एवढ्यांना हात लावायचा नाही, आपोआप आलेले बाकीचे काढण्यायोग्य. नियम चांगला आहे. काकांच्या ऑफिसात तो दोन ठिकाणी अडला होता.

एक म्हणजे मशीन १४३ दिवस बंदच झालेलं नव्हतं. ताई संध्याकाळी मॉनिटरचं बटण दाबून घरी जातात, सकाळी परत दाबतात. त्यांच्या दृष्टीने ते रोज बंद होतं! त्यामुळे चालू कर्नल पाच महिन्यांपूर्वीचा, आणि चालू आहे म्हणून संरक्षित. त्याच्यामागून नवे आले, गेले, शेवटचा एक राहिला. हे झाले दोन.

दुसरं म्हणजे मधल्या काळात कुणीतरी प्रिंटर नीट करायला आलं होतं. त्याने प्रिंटर कर्नलमुळे चालत नसेल अशा समजुतीने दोन जुने कर्नल नाव घेऊन हाताने बसवले होते. प्रिंटर बहुधा केबलमुळे चालत नव्हता. पण हाताने, नाव घेऊन बसवलेल्या पॅकेजवर 'मॅन्युअल' असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का असेपर्यंत ॲप्ट त्याला आपणहून कधीच काढत नाही. मागणारा माणूस निघून गेला तरी त्याची मागणी राहते. हे दोन मिळून चार.

शनिवारी सकाळी मी पोचलो तेव्हा काका झोपाळ्यावर केस फाइल वाचत बसले होते. मी कामाला लागलो. आधी यूनेम विचारून चालू कर्नल कोणता ते कागदावर लिहून घेतलं. हो, कागदावर. स्क्रीनवर एकसारखे दिसणारे लांबलचक आकडे असतात आणि चुकीचा एक उडवला की दिवस जातो. ॲप्ट अडूनच बसलं होतं, कारण त्याला आधीचं अर्धवट काम पुरं करायचं होतं आणि त्यासाठी जागा नव्हती. म्हणून थेट डीपीकेजीला सांगून प्रिंटरवाल्याचे दोन्ही कर्नल मॉड्यूल्ससकट काढले. तीनशे एमबी मोकळे झाले, मग ॲप्टला अर्धवट काम पुरं करायला लावलं, ते मुकाट्याने झालं. वेळ म्हणाल तर चहा निवायच्या आत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण नेटवर अगदी उलटा सल्ला सर्रास मिळतो. बूटमध्ये जाऊन फाइली हाताने डिलीट करू नका. फाइल जाते, पण पॅकेजच्या वहीत नोंद तशीच राहते. मग पुढच्या वेळी सिस्टीम त्या कर्नलसाठी इनिटआरडी पुन्हा बनवायला जाते आणि तुम्ही पुन्हा तिथेच. माल गायब आणि वहीत शिल्लक, हा घोळ सोसायटीच्या गोदामात होतो तोच.

काका एवढा वेळ शांत होते. मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "चालत होतं ना? मग नवीन कर्नल पाहिजे कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना डर्टी काऊची गोष्ट सांगितली. २०१६ साली लिनक्स कर्नलमध्ये एक भोक सापडलं, ज्यातून साधा वापरकर्ता थेट मशीनचा मालक होऊ शकत होता. ते भोक २००७ पासून तिथेच होतं. नऊ वर्षं सगळं व्यवस्थित 'चालत' होतं. आणि नवा कर्नल बसवून मशीन रीस्टार्ट केलं नाही, तर दुरुस्ती डिस्कवर पडून राहते, चालतो तो जुनाच. १४३ दिवस काकांच्या मशीनवर नेमकं हेच चालू होतं.

"म्हणजे अपिलात निकाल लागला, पण अंमलबजावणीच नाही," काका म्हणाले. त्यांना पटलं.

रीस्टार्ट झालं, नव्या कर्नलवर मशीन उठलं, प्रिंटर चालला, कैफियतीची प्रत निघाली. मग ॲप्टने ती यादी दाखवली जिच्यासाठी हा सगळा लेख लिहितोय. 'खालील पॅकेजेस आपोआप बसवली गेली होती आणि आता लागत नाहीत.' त्यात जुनी हेडर्स होती, दोन-चार लायब्ऱ्या होत्या, आणि मध्येच एक नाव होतं, आयबस-एम१७एन.

जुन्या ब्लॉगवाल्यांना यातली गंमत कळेल. काका मराठी टाइप करतात ते गमभन पद्धतीने, दोन बोटांनी, आणि लिनक्सवर ती पद्धत येते ती या पॅकेजमधून. मध्ये कुणीतरी भाषेचं एखादं मोठं पॅकेज काढलं असणार, त्याच्या आधाराने हे आलेलं, म्हणून आता याला वाली कुणी नाही. ॲप्टच्या हिशेबाने ते बेवारस. यादी वाचता वाचता ताईंचा हात वाय दाबायला पुढे आला होता.

मी काकांना समजावून सांगितलं की मशीन बघतं ते एवढंच: हे कुणी मागितलं होतं का, आणि ज्याच्यासाठी आणलं तो अजून आहे का? कोण वापरतंय हे ते बघतच नाही. त्याला दिसतच नाही.

काका चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कसणाऱ्याला उठवायचं? अरे, त्यासाठी तर कुळकायदा झाला."

मग पंधरा मिनिटं आम्ही १९४८ च्या कुळकायद्यात होतो, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापर्यंत येऊन पोचलो, आणि त्यांच्या वडिलांनी लढवलेल्या एका केसपर्यंत. पण उपमा इतकी चपखल आहे की मी ती तेव्हापासून ऑफिसातही वापरतो. ॲप्टमध्येही कुळाचं नाव लावायची सोय आहे. ॲप्ट-मार्क मॅन्युअल आणि पुढे पॅकेजचं नाव. झालं, नोंद लागली. यापुढे कुणी उठवणार नाही. आयबस-एम१७एनचं नाव त्या दिवशी लागलं. प्रिंटरवाल्याने बसवला तोच शिक्का हा, पण या वेळी मागणारा माणूस समोर बसलेला होता.

उत्साहाच्या भरात ताई म्हणाल्या, "मग हे फॉन्टपण काढा ना, कुठले कुठले आहेत." खरंच होते. तमिळ, बंगाली, ओडिया, गुरमुखी. लोहित नावाचा हा भारतीय लिप्यांचा फॉन्टसंच रेड हॅटने खुला केला आणि त्यांच्या पुण्याच्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला. पण शिरूरच्या वकिलाला ओडिया कशाला? मीही काढायच्या बाजूने होतो. काकांनी नुसती मान हलवली. रांजणगावच्या एमआयडीसीत कुठकुठून मुलं कामाला येतात. भाड्याच्या खोल्यांची भांडणं, अपघाताच्या भरपाया काकांकडे येतात. एकाच्या भावाने गावाहून पाठवलेला ओडियातला मजकूर त्यांना मशीनवरून छापून भाषांतराला द्यायचा होता. मला वाचता येत नाही, तुला वाचता येत नाही, पण अक्षरं उमटली तर पाहिजेत ना, असं त्यांचं म्हणणं. फॉन्ट राहिले. सगळे मिळून जागा खातात ती एखाद्या लग्नाच्या व्हिडिओच्या शतांशही नाही.

आमच्या उमेदीच्या काळात हे असं नव्हतं, हेही सांगायला हवं. २००६ च्या डॅपर ड्रेकमध्ये ॲप्ट-गेटला ऑटोरिमूव्ह नव्हतंच. डेबॉर्फन नावाचा एक प्रोग्राम अनाथ लायब्ऱ्या शोधून द्यायचा, आणि रविवारी दुपारी आम्ही त्या यादीवर तुटून पडायचो. वीस जीबीच्या डिस्कवर पन्नास एमबी सुटले की दिवस सत्कारणी. त्या काळची सवय आमच्या पिढीच्या हाताला अजून आहे. यादी दिसली की बोट शिवशिवतं. आणि पुढच्या पिढीला ही सवय व्हिडिओ बघून लागते, त्याचं उदाहरण दौंडला आहे.

दौंडची गोष्ट त्यानंतर तीन-चार महिन्यांची. मावसभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. दौंडला एसआरपीएफचे दोन गट, घरासमोरून पहाटे पळणारी पोरं, तेव्हा हे स्वप्न तिथे हवेतच असतं. घरातला लॅपटॉप २०१३ चा, माझाच जुना, उबुंटू २२.०४ घातलेला. त्याची वायफायची चिप एका नावाजलेल्या कंपनीची, पण तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो, बाहेरून आणावा लागतो. दर नव्या कर्नलसाठी तो ड्रायव्हर मशीनवरच नव्याने बांधावा लागतो आणि हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था गुपचूप करते. बांधायला तिला त्या कर्नलची हेडर्स लागतात. ही हेडर्स म्हणजे नुसत्या मजकुराच्या हजारो फाइली, दिसायला अडगळ.

भावाने एक व्हिडिओ बघितला: लॅपटॉप फास्ट करण्याचे उपाय. त्यात त्याने हेडर्सची पॅकेजेस उडवली. "दादा, शंभरेक एमबी खात होतं आणि आपण कुठे प्रोग्रामिंग करतो?" उडवताना मशीनने त्याला सांगितलं होतं की बरोबर लिनक्स-जेनेरिक नावाचं पॅकेजही जाईल. ते पॅकेज काही केबींचं, आत काहीच नसतं. त्याचं काम एवढंच, की कर्नल आणि त्याची हेडर्स कायम जोडीने येतील हे बघायचं. जोडी तुटली. काही बिघडलं नाही, लॅपटॉप फास्टही झाला नाही, आणि भाऊ विसरून गेला. बिघडलं ते तीन आठवड्यांनी, नवा कर्नल आला तेव्हा. या वेळी एकटाच आला, हेडर्सशिवाय. डीकेएमएसला ड्रायव्हर बांधता येईना. सकाळी लॅपटॉप उघडला तर वायफाय नाही.

कारण आणि परिणाम यांच्यात तीन आठवडे गेले की माणूस जोडू शकत नाही. त्याला वाटलं चिप गेली. भरतीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. फोटो, सही, दाखले सगळं लॅपटॉपमध्ये. मावशीने मला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"जुना कर्नल आहे का अजून?" मी विचारलं.

"आहे. कालच नावं लिहून ठेवलीयेत काढायला. तू म्हणालास म्हणून थांबलो."

हो, आदल्या रात्रीच त्याने विचारलं होतं. व्हिडिओतली पुढची पायरी होती: चालू कर्नल सोडून बाकी सगळे नाव घेऊन काढून टाका. ॲप्टच्या भरवशावर ठेवलं असतं तर त्याने आधीचा एक राखलाच असता, पण नाव घेऊन काढायला सांगितलं की ॲप्टही काढतं. मी त्याला म्हटलं होतं, नव्यावर आठवडाभर काम कर, प्रिंटर, वायफाय, झोपवून उठवणं, सगळं बघ, मग बोलू. कंपनीत आम्ही हेच करतो, फक्त तिथे त्याला मोठं इंग्रजी नाव आहे.

मग फोनवरच त्याला सांगितलं: सुरू करताना एस्केप दाब, ग्रबच्या मेनूत प्रगत पर्याय घे, तिथला वरून दुसरा कर्नल निवड. (रिकव्हरी लिहिलेला नको.) जुन्या कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलबरोबर जागेवरच होता. वायफाय आलं. फॉर्म रात्री अकराला भरून झाला, पावतीची पीडीएफ मला पाठवली.

रविवारी मी गेलो. शिरूरला काकांकडे काही कागद द्यायचे होते, म्हणून तिथून न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघालो आणि पाटसवरून दौंड. मावशीचे यजमान, म्हणजे दौंडचे काका, रेल्वेतून निवृत्त. लिनक्समध्ये त्यांना रस शून्य, पण ग्रबचा मेनू मी भावाला समजावत होतो तेव्हा मागे येऊन उभे राहिले. "म्हणजे नवीन इंजिन आलं म्हणून जुनं लगेच शेडबाहेर नाही काढायचं. आम्हाला कुणी व्हिडिओ काढून नाही शिकवलं हे." भाऊ लॅपटॉपमध्ये अजून खोल बघायला लागला.

काकांचं सगळं जगच दौंड जंक्शनच्या हिशेबात चालतं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं, तो वेळ आणि ती लगबग हा त्यांच्या नोकरीचा मोठा भाग. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या परस्पर बाहेरून जातात. ते याबद्दल तक्रार करत नाहीत, नुसतं सांगतात.

दुरुस्ती तशी किरकोळ होती. फोनचं इंटरनेट यूएसबीने लॅपटॉपला दिलं, लिनक्स-जेनेरिक परत बसवलं, त्याच्याबरोबर हेडर्स आली, डीकेएमएसने दोन मिनिटं पंखा फिरवत ड्रायव्हर बांधला. नव्या कर्नलवर वायफाय सुरू. मग त्याच्या यादीवर बसलो. ती वहीत लिहिलेली होती, नीट समास सोडून, 'अनावश्यक' असं शीर्षक देऊन. मी एकेक नाव घेऊन त्याला विचारायला लावलं: हे कुणामुळे आलं? ॲप्ट-कॅशे याचं उत्तर देतं. काही खरंच केराची होती, ती काढली. काढलेल्या पॅकेजेसची मागे राहिलेली कॉन्फिग होती, ती पुसली. स्नॅप आपल्या जुन्या आवृत्त्या धरून बसतो, त्या सोडल्या तर दीड जीबी मिळाले, म्हणजे त्याच्या सगळ्या वहीपेक्षा जास्त.

यादीत शेवटून तिसरं नाव होतं ऐसलरिओ. पुढे कंसात लिहिलं होतं, 'पत्ते, फालतू'.

मावशी स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता ऐकत होती. "काय काढताय रे माझं?"

"काही नाही आई, गेम आहे एक."

"तो दुपारचा? हात लावायचा नाही त्याला." आणि मग माझ्याकडे वळून, "तू सांग त्याला. दुपारी हा लायब्ररीत, हे झोपलेले. मी काय भिंतीकडे बघत बसू?"

लॅपटॉपची सगळ्यात जास्त वेळ वापरणारी व्यक्ती मावशी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. भावाला बहुधा अजून कळलेलं नाही. मी ॲप्ट-मार्क मॅन्युअल ऐसलरिओ असं टाइप केलं आणि मावशीला दाखवलं. म्हटलं, आता तुझं नाव लागलं. तिने विचारलं, "सहीबिही लागत नाही ना?"

तेव्हापासून भाऊ व्हिडिओ बघून काही काढत नाही. यादी आली की फोटो पाठवतो, आणि बरोबर प्रत्येक नावापुढे ते कुणामुळे आलं ते लिहून पाठवतो. गेल्या महिन्यात चौदातली तेरा उत्तरं बरोबर होती. ताई आता शनिवारी संध्याकाळी मशीन खरोखर बंद करतात, सोमवारी काका पासवर्ड देऊन सुरू करतात. मॉनिटरच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे, दिसायला वाईट दिसते.

पुढचं काम दौंडचंच आहे. २२.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२७ पर्यंत आहे, त्याआधी लॅपटॉप २४.०४ वर न्यायचा. त्या वायफायच्या ड्रायव्हरचं आणि नव्या कर्नलचं किती जमेल ते आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघणार आहे. नाहीच जमलं तर तीन-चारशे रुपयांचा यूएसबी वायफाय लावायचा, ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा बघून. मावशीला सांगितलंय की एक रविवार लॅपटॉप मिळणार नाही. तिने एवढंच विचारलं, की तिचे आतापर्यंतचे जिंकलेले डाव त्यात राहतील ना. आकडे होमच्या फोल्डरमध्ये असतात, राहतील. तरी मी त्यांची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर आत्ताच घेऊन ठेवली आहे.